चाळीसपैकी चाळीस

"झाड वाचवण्यात अवघड असं काही नसतं," असं गेजराव म्हणाले, तेव्हाच खरं तर कोणीतरी त्यांना खोलीत घालून बाहेरून कडी लावायला हवी होती. पण ऐकायला घरात दोनच माणसं होती. एक त्यांची बायको. ती गेले आठ आठवडे कोणाचंच ऐकण्याच्या अवस्थेत नव्हती. दुसरा तिचा धाकटा भाऊ. तो शिंपी होता, आणि ताईकडे आला की त्याचे कान फक्त कपबशीच्या आवाजाकडे लागलेले असत.

गेजराव हे अर्थातच आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. नटबोल्टच्या कारखान्यात ते एकतीस वर्षं तपासनीस होते. हातात पोलादाची एक पट्टी असे आणि पट्टीला दोन भोकं. बोल्ट पहिल्या भोकातून जायला हवा आणि दुसऱ्यातून जाता कामा नये. तसं झालं तर पास, नाहीतर नापास. या पट्टीला गेज म्हणतात, आणि तिच्याशिवाय गेजरावांना कोणी पाहिलेलं नव्हतं. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने त्यांना तीच गेज निरोपाची भेट म्हणून दिली. आधी भिंतीवरचं घड्याळ द्यायचं ठरलं होतं, पण ते त्यांनी आदल्या दिवशी नापास केलं होतं.

घरी बसल्यावर पास-नापास करायला बोल्ट उरले नाहीत, म्हणून घरातल्या वस्तूंची पाळी आली. चहाच्या कपांचे कान, खुर्चीचे पाय, पायपुसण्याचे कोपरे, असं सगळं त्यांच्या नजरेखालून गेलं. मुलीसाठी आलेला मुलगा पाहतानासुद्धा त्यांचा हात दोनदा खिशाकडे गेला होता, असं वहिनी शपथेवर सांगतात. वहिनी म्हणजे गेजरावांची बायको. सगळी गल्ली त्यांना वहिनी म्हणते, तेव्हा आपणही तेच म्हणू.

तर झाड होतं वहिनींच्या वडिलांचं. घरही त्यांचंच. परसात, मागच्या भिंतीला लागून उभं असलेलं नासपतीचं झाड. वडिलांनी ते कुठून तरी दोन दिवसांच्या प्रवासात, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, मांडीवर धरून आणलं होतं. वाटेत त्यांनी सामान हमालाच्या हाती दिलं, रोप दिलं नाही. त्याला येणारं फळ मुठीएवढं, तपकिरी ठिपक्यांचं, दिसायला अगदीच गरीब. झाडावरून काढल्या काढल्या खाल्लं तर दात हलतील. पण पंधरा दिवस अंधारात ठेवून खाल्लं, की रस कोपरापर्यंत ओघळायचा आणि खाणारा माणूस बोलायचं थांबायचा. बाजारात कोणाला त्या जातीचं नाव सांगता येत नसे. वडील नाव सांगायच्या आधीच गेले. थोडक्यात, तशी नासपती जगात एकच, आणि ती वहिनींच्या परसात.

त्या झाडावर नगरपालिकेचा कागद आला. मागून मोठा नाला जाणार होता आणि नकाशातली रेघ बरोबर झाडाच्या बुंध्यातून जात होती. उन्हाळ्यापूर्वी झाड काढलं जाईल, असं कागदात म्हटलं होतं. तेव्हापासून वहिनी परसात जात नव्हत्या. फक्त दर सोमवारी सुवाच्य अक्षरात एक अर्ज लिहून टपालात टाकत होत्या. अर्जाने नाला वळल्याचं आपण ऐकलेलं नाही, असं गेजराव दर सोमवारी म्हणत.

आणि नवव्या आठवड्यात त्यांना रद्दीच्या दुकानात एक पुस्तिका सापडली. तिला पहिलं पान नव्हतं, शेवटचंही नव्हतं. मधल्या पानांत मात्र सगळं होतं. झाडाच्या मुळ्यांचे वीतभर तुकडे घ्यावेत. त्यांवर काड्यांची कलमं थेट बांधावीत. महिनाभर दमट भुशात ठेवावीत आणि हवा उबदार झाली की जमिनीत लावावीत. एका झाडाच्या मुळ्यांवर पाहिजे तेवढी झाडं.

"चाळीस करतो," गेजरावांनी जाहीर केलं. "नाला एक झाड नेईल. आपल्याकडे चाळीस उरतील."

आठ आठवड्यांत पहिल्यांदाच वहिनींनी मान वर केली. त्या म्हणाल्या, की चाळीस नकोत, वडिलांचं एक जगलं तरी पुरे.

हे गेजरावांना लागलं. हजार बोल्टांत एक नापास निघाला तर ज्याला रात्रीचं जेवण जात नसे, त्या माणसाकडे बायको चाळिसात एक मागत होती. त्यांनी तिथल्या तिथे पुस्तिका उघडून वाचून दाखवलं. काडी कशी हवी? एका वर्षाची, पेन्सिलीच्या जाडीची, निरोगी आणि सरळ. त्यांनी घरातल्या सगळ्या पेन्सिली गोळा करून मोजल्या, त्यांची सरासरी काढली आणि पत्र्याची नवी गेज बनवली. नासपतीच्या काडीसाठी गेज बनवणारा तो पहिलाच माणूस असावा. दुसरा अजून झालेला नाही.

थंडीचे दिवस होते, झाड निष्पर्ण होतं. शिंपी-मेहुणा कात्री घेऊन वर चढला. कात्री कापडाची होती, पण त्याने सांगितलं की तिला फरक कळत नाही. तो काड्या कापून खाली टाकू लागला आणि गेजराव स्टुलावर बसून एकेक तपासू लागले. पहिली वाकडी, नापास. दुसरी बारीक, नापास. तिसरीला मध्येच कुबड. चौथी सरळ होती, पण शेवटी तिने विचार बदलला होता. म्हाताऱ्या झाडाच्या शेंड्याच्या काड्या त्या. त्या अशाच असायच्या.

"दाजी, झाड आहे हे, खिडकीचे गज नाहीत," शिंपी वरून म्हणाला. "कापड थोडं इकडंतिकडं झालं तर शिलाईत घेता येतं."

"म्हणूनच तुझ्याकडे शिवलेल्या विजारीत माणूस इकडंतिकडं होतो," गेजराव खालून म्हणाले.

दुपारपर्यंत नापास ढीग त्रेसष्ट काड्यांचा झाला. पास ढीग नव्हताच. शिंपी घाम पुसत खाली उतरला आणि त्याचा पाय बुंध्याशी उगवलेल्या फुटव्यांत अडकला. फुटवे कसले, कवायतीला उभे राहिलेले शिपाईच. सरळसोट, एकसारखे, पेन्सिलीच्या मापाचे, एका वर्षाचे. गेजरावांनी एक कापला आणि गेजमध्ये घातला. पहिल्या भोकातून गेला, दुसऱ्यात अडला. दुसरा कापला, तेच. गेजरावांच्या डोळ्यांत पाणी आलं.

अर्ध्या तासात चाळीस काड्या पास झाल्या. त्यांना बारीक बारीक काटे होते, पण त्याने गेजराव डगमगले नाहीत. कारखान्यात बोल्टच्या कडेला धातूचा असाच बोचरा काटा राहतो. त्याला बर म्हणतात आणि तो कानशीने घासून काढतात. गेजरावांनी कानस आणली आणि चाळीसच्या चाळीस काड्यांचे काटे घासून काढले. काड्या अशा गुळगुळीत झाल्या, की टेबलावरून घरंगळायला लागल्या. नापास ढीग शेगडीत गेला आणि त्यावर चहा झाला.

"खाली एवढं सरळ असताना तुम्ही मला वर का चढवलंत?" शिंप्याने विचारलं. या प्रश्नाचं उत्तर त्याला त्या दिवशी मिळालं नाही. पुढे मिळालं, पण ते एका बाईंनी दिलं आणि गेजरावांना दिलं.

मग मुळ्या. शहाण्या माणसाने झाडाच्या एका बाजूला हातभर खणून, दोन-तीन मुळ्या घेऊन काम भागवलं असतं. पण मुळीलाही गेज होती. वाकडी मुळी नापास, आणि जमिनीखाली सगळ्याच मुळ्या वाकड्या असतात, कारण तिथे त्यांना कोणी पाहत नाही. गेजराव खणत गेले. पूर्वेकडे खणलं, दक्षिणेकडे खणलं, पश्चिमेकडे खणलं. नापास मुळ्या वाटेत येतात म्हणून तोडल्या, पास मुळ्या पास झाल्या म्हणून तोडल्या. तिसऱ्या दिवशी शेजारचे दातांचे डॉक्टर भिंतीवरून डोकावले आणि पाणी किती फुटांवर लागलं म्हणून विचारू लागले. उत्तरेची बाजू तेवढी वाचली, कारण तोवर चाळीस तुकडे भरले होते.

जेवणाच्या टेबलावर कलमं बांधायला घेतली. काडीला तिरका काप, मुळीला तिरका काप, दोन्हींत एकेक चीर, आणि एकमेकांत अडकवून वरून कापडाची पट्टी. पट्टी बांधावी तर शिंप्यानेच. त्याचे हात चालताना पाहून गेजरावसुद्धा गप्प बसले. प्रत्येक कलमाला पत्र्याचा बिल्ला लावला. त्यावर क्रमांक आणि ठोकून उठवलेलं एकच अक्षर : पा. म्हणजे पास.

भुशाची खोकी पलंगाखाली गेली. वहिनी रोज सकाळी खाली वाकून भुशात तळहात खुपसत. आजारी मुलाचं कपाळ पाहावं तशा पाहत आणि समाधानाने उठत. आता त्या परसातही जाऊ लागल्या होत्या. सोमवारचा अर्ज मात्र त्यांनी चालूच ठेवला होता.

पुस्तिकेत म्हटलं होतं, मुळ्या घेतल्यावर मूळ झाडाला भरपूर पाणी द्यावं. गेजरावांनी तिन्ही चर काठोकाठ भरले. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरले. पाचव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास, वाऱ्याची झुळूक नसताना, झाडाने मान कलती केली. अवघडलेला पाहुणा बसू की नको करत हळूच बसतो, तसं ते वाकत वाकत गेलं आणि शेवटी भिंतीसकट डॉक्टरांच्या बाजूला आडवं झालं.

त्या क्षणी डॉक्टरांचा चिमटा एका वाण्याच्या दाढेवर होता. एवढा धडाका झाल्यावर वाणी खुर्चीतून उठला, गालावर हात ठेवला आणि म्हणाला, निघाली एकदाची. डॉक्टरांनी चिमट्याकडे पाहिलं. चिमटा रिकामा होता. वाणी तोवर रस्त्यावर पोचला होता. पुढे दोन दिवस तो सगळ्यांना सांगत होता, की दाढ निघताना किती मोठा आवाज होतो ते लोकांना माहीत नसतं.

वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. धूळ खाली बसली. गेजराव चराच्या काठावर, हातात नळी घेऊन, तसेच उभे होते. नळीतून पाणी त्यांच्याच चपलेवर पडत होतं. वहिनी काही ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. त्यांनी फक्त एवढंच विचारलं :

"भुशातली नीट आहेत ना?"

गेजरावांनी मान हलवली.

आता यापुढे काय वाईट व्हायचं, असं त्या दिवशी सगळ्यांनाच वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नगरपालिकेचा ओव्हरसिअर आला. काखेत नकाशाची गुंडाळी, चेहऱ्यावर हसू. सरकारी माणसाच्या चेहऱ्यावर हसू पाहून गेजराव दोन पावलं मागे सरकले.

ओव्हरसिअर उभ्याउभ्याच सांगू लागला. वहिनींचे सगळे अर्ज मोठ्या साहेबांनी वाचले होते. अकरावा तर त्यांनी घरी नेऊन बायकोला वाचून दाखवला. बायको रडली. मग साहेबांनी स्वतः पेन्सिल घेतली आणि नाल्याची रेघ आठ फूट पलीकडे सरकवली. "तुमच्या झाडाला आता कोणी हात लावत नाही," असं म्हणत त्याने मोठ्या झोकात परसाकडे पाहिलं.

आधी त्याने वर पाहिलं, जिथे झाड असायला हवं होतं. मग खाली पाहिलं. मग नकाशा उलटा धरून पाहिला.

"हे कोणी केलं?"

"आम्ही ते वाचवत होतो," गेजराव म्हणाले.

"कोणापासून?" ओव्हरसिअरने विचारलं.

ओव्हरसिअरने वहीत 'झाड आडवे' असं लिहिलं, 'कारण' असं लिहून पुढची जागा कोरी सोडली आणि चहा न घेता गेला. जाता जाता सांगून गेला, की झाड आता रेघेत येत नसल्यामुळे ते उचलणं नगरपालिकेच्या अखत्यारीत बसत नाही. डॉक्टरांनी आपल्या बाजूच्या फांद्या कापून घेतल्या. बाकीचं झाड, उत्तरेच्या चार मुळ्या जमिनीत अडकवून, पडल्या जागी पडून राहिलं.

आता सगळं त्या खोक्यांवर आलं. गेजरावांचं जेवण अर्ध्यावर आलं. हवा उबदार झाली, तशी एका सकाळी तिघांनी मिळून खोकी ओढून बाहेर काढली. शिंप्याने भुसा बाजूला सारला. वहिनींनी डोळे मिटून घेतले होते.

पहिल्या कलमाला हिरवा कोंब होता. दुसऱ्याला होता. दहाव्याला होता. तिसाव्याला येईतो शिंप्याने मोजणं सोडून दिलं होतं आणि गेजराव मात्र मोठमोठ्याने मोजत होते. चाळीसपैकी चाळीस.

मुरलेले माळीसुद्धा अर्धी कलमं जगली तर खूश होतात म्हणे. इथे एकही नापास नव्हतं. त्या क्षणापासून गेजरावांना जमिनीवर आणणं कठीण झालं. पडलेलं झाड हा आता अपघात राहिला नाही. त्यांच्या बोलण्यात तो 'पहिला टप्पा' झाला. त्यांनी परसात दोरी लावून पंचवीस रोपं रांगेत लावली. रांग अशी, की एका टोकाला उभं राहिलं तर एकच रोप दिसावं. उरलेली पंधरा वाटली. दोन शिंप्याच्या दुकानासमोर, एक डॉक्टरांना भिंतीची भरपाई म्हणून, एक ओव्हरसिअरला, काही शाळेत, काही वाचनालयात. वाचनालयात त्यांनी भाषणही दिलं. विषय होता 'शिस्त आणि वनस्पती'.

रोपं वाढलीही तशीच, चढाओढ लावल्यासारखी. पावसाळा सरला आणि पुन्हा ऊन पडायला लागलं, तोवर ती कमरेला आली होती. अधूनमधून काटे दिसत. गेजराव रविवारी कानस घेऊन फेरी मारत. पडलेल्या झाडालाही आडव्या अवस्थेत थोडी पालवी फुटली होती, पण तिकडे पाहायला वेळ कोणाला होता? वहिनींना होता. त्या संध्याकाळी जाऊन तिथे बसत.

शेवटी गेजरावांना दुसऱ्या रांगेसाठी जागा हवी झाली. पडलेलं झाड हलवायचं ठरलं. वहिनी हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. ते गेजरावांनी 'हो'मध्ये धरलं. लाकूडतोड्याला बुधवारी सकाळी नऊची वेळ दिली आणि नऊ म्हणजे नऊ, हे त्याला तीनदा बजावलं. त्याच बुधवारी सकाळी ते स्वतः, आपल्या रोपांपैकी सर्वांत देखणं रोप कुंडीत घालून, गावाबाहेरच्या रोपवाटिकेत गेले. रोपवाटिकेच्या बाईंना दाखवायला. खरं म्हणजे शिकवायला.

बाई साठीच्या होत्या. कमरेला चाकू, नखांत माती. त्यांनी गेजरावांचं अर्ध्या तासाचं भाषण हातातलं काम न थांबवता ऐकून घेतलं. चाळीसपैकी चाळीस हे ऐकल्यावर मात्र हात थांबला.

"चाळीस?" त्या म्हणाल्या. "एकही मेलं नाही?"

गेजराव नम्रपणे हसले. असं हसणं त्यांनी महिनाभर आरशासमोर बसवलं होतं.

बाईंनी रोपावरून अंगठा फिरवला. एका जागी थांबवला. "इथला काटा कुठे गेला?"

गेजरावांनी कानशीची हकिगत सांगितली. बाईंनी ती दोनदा सांगायला लावली. मग काडी झाडाच्या कुठून घेतली ते विचारलं. बुंध्यापासून, असं गेजराव म्हणाले. तिथल्या सर्वांत सरळ होत्या.

बाईंनी कुंडी खाली ठेवली.

त्या शांतपणे सांगत गेल्या आणि गेजरावांच्या चेहऱ्यावरचं बसवलेलं हसू जागच्या जागी वाळत गेलं. सासऱ्यांनी मांडीवर आणलेलं रोप मुळात कलमच होतं. खाली रानटी नासपतीचा खुंट आणि त्यावर ती चांगली जात. जोडाच्या वर सासऱ्यांचं झाड, जोडाच्या खाली रान. बुंध्यातून जे सरळसोट फुटवे येतात, ते रानाचे. मुळ्याही रानाच्याच.

"म्हणजे तुम्ही रानाच्या मुळीवर रानाची काडी बांधलीत," बाई म्हणाल्या. "चाळीस लागणारच. त्याला कलम लागणं म्हणत नाहीत. ते आपलं आपल्या घरी परत आलं."

"पण फळ?"

"येईल की. गोटीएवढं. डुकरंसुद्धा विचार करून खातात."

गेजराव तिथल्या एका पालथ्या बादलीवर बसले. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एक खोटा बोल्ट सुटला नव्हता, आणि आता एक अख्खा लॉट, चाळीसच्या चाळीस, त्यांनी स्वतः ठोकून पास केला होता. आणि जे खरं होतं, वाकडं, कुबडं, काडीपैलवान, ते त्रेसष्टच्या त्रेसष्ट त्यांनी नापास करून त्यावर चहा उकळला होता.

"आई कुठे आहे?" बाईंनी विचारलं. झाडाविषयी विचारताहेत हे गेजरावांना जरा उशिरा कळलं.

"आडवी आहे."

"मेली?"

"नाही. पालवी आहे."

"मग रडताय कशाला? हे दिवस डोळे भरायचेच आहेत. तिची यंदाची फूट असलेली एक फांदी मिळाली तरी पुरे. तिचे डोळे काढू आणि तुमच्या या रानट्या पोरांच्या अंगात बसवू. खुंट म्हणून पोरं झकास आहेत."

गेजरावांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दहा वाजून वीस मिनिटं. लाकूडतोड्या नऊचा. आयुष्यभर गेजरावांनी बोलावलेला एकही कारागीर वेळेवर आला नव्हता. पण त्याला त्यांनी तीनदा बजावलं होतं.

बाईंच्या स्कूटरवर मागे बसून, कुंडी पोटाशी धरून गेजराव घराकडे निघाले. रोजच्या आयुष्यात ते एका सायकलवर तिघं दिसले तरी हटकणारे. आज ते बाईंना, पुढे कोणी नाही, दामटा, असं सांगत होते. प्रत्येक चौकात त्यांना करवतीचा आवाज ऐकू येत होता. एका चौकात तो खरोखरच होता, पण ते सुताराचं दुकान निघालं.

परसाच्या दारात ते पोचले आणि थबकले. बुंध्याचे ओंडके भिंतीशी रचून ठेवले होते. उत्तरेच्या चार मुळ्या उपटलेल्या. फांद्यांची मोळी बांधून झालेली, आणि तिची पानं केव्हाच मलूल पडलेली. लाकूडतोड्या खरोखरच नऊला आला होता.

पण तो काम करत नव्हता. करवत मांडीवर ठेवून तो ओंडक्यांवर बसला होता. समोर, भिंतीच्या सावलीत, एकच फांदी उरली होती, हिरवी, पानांनी भरलेली, आणि तिच्या बुडख्यावर, त्याच्याकडे पाठ करून, वहिनी बसल्या होत्या.

"पाऊण तास झाला, साहेब," लाकूडतोड्या खालच्या आवाजात म्हणाला. "उठा म्हणायचं माझ्याच्यानं होईना. म्हटलं, दमल्या असतील, उठतील. आता मीच दमलो."

वहिनींनी मागे पाहिलं. एवढी राहू दे असं वाटलं, त्या म्हणाल्या. कशासाठी, ते काही त्यांना सांगता येत नव्हतं.

गेजरावांनी कुंडी खाली ठेवली. घसा खाकरला. कारखान्यात नापास मालाचा अहवाल ते ताठ उभे राहून, एका दमात वाचत. आज त्यांना तीन दम लागले.

"ते चाळीस," ते म्हणाले. "ते तुझ्या वडिलांचे नाहीत. ते रानटी आहेत. चाळीसच्या चाळीस नापास."

शिंपी तेवढ्यात दुकान सोडून आला होता. लाकूडतोड्याने उगाच करवत पुसली.

"आणि ही?" वहिनींनी फांदीवर हात ठेवून विचारलं.

"ही तुमच्या वडिलांची," रोपवाटिकेच्या बाई म्हणाल्या. त्या केव्हाच पानांत शिरल्या होत्या आणि चाकू चालू होता. "उठू नका, बसा तशाच. फांदी हलत नाही त्याने."

बाईंनी निवडलेली एकेक काडी पाहून गेजरावांचा हात आपोआप खिशाकडे गेला. कुठली वाकडी, कुठली आगकाडीएवढी, एकीने तर मध्येच वळून मागे पाहिलं होतं. त्यांनी हात खिशातून बाहेर काढला आणि पाठीमागे दुसऱ्या हातात धरून ठेवला.

सतरा डोळे निघाले. डोळा म्हणजे सालीच्या नखाएवढ्या तुकड्यावरची एक कळी. खुंटाच्या सालीला चीर द्यायची, तो तुकडा आत सरकवायचा, वरून पट्टी गुंडाळायची. बाई कापत होत्या, वहिनी बोटाच्या टोकावर डोळा झेलून देत होत्या, शिंपी बांधत होता. ऊन कडक होतं. उन्हात डोळा दोन मिनिटांत सुकतो, म्हणजे मेलाच. गेजराव इकडून तिकडे फिरत होते. चौथ्यांदा त्यांनी मी काय करू असं विचारल्यावर बाईंनी वर न पाहता सांगितलं, की छत्री आणा, आमच्या डोक्यावर धरा, आणि हलवू नका.

ते अडीच तास उभे राहिले. रोपापासून रोपापर्यंत, त्या रांगेतून छत्रीची सावली सरकत गेली. त्यांच्या नाकावर माशी बसली, उठली, पुन्हा बसली. छत्री हलली नाही.

पुढचा आठवडा वाटलेली रोपं परत मागण्यात गेला. शाळेने दिली, वाचनालयाने दिली. डॉक्टरांनी साफ नकार दिला. त्यांचं म्हणणं, दवाखान्यात आणल्यावर घाबरून न गेलेलं हे पहिलंच, तेव्हा आपण ते सोडणार नाही.

थंडी आली आणि गेली. पुढच्या वसंतात सतरा डोळ्यांपैकी अकरा उघडले. सहा काळे पडले. उघडलेले कोंब खुंटातून आडवेच निघाले, वाटेल तिकडे, आणि मनाला येईल तेव्हा वर वळले. वहिनी सकाळ-संध्याकाळ त्या अकरांपाशी जाऊन बसत. तिथे बसून आता त्या नव्या फुटव्यांकडेही लक्ष ठेवत. बुंध्याशी सरळ काही उगवलं, की नखाने खुडून टाकत.

मे महिन्यात, रोपवाटिकेच्या बाई रोपं पाहायला आल्या होत्या त्या दिवशी, ओव्हरसिअर आला. या वेळी सोबत मोठे साहेब आणि त्यांच्या पत्नीही होत्या. त्यांना ते झाड पाहायचं होतं. वहिनींनी वाकडंतिकडं, तीन पानांचं एक रोप दाखवलं. साहेबांच्या बायकोने पदर सावरून त्या पानांना हलकेच बोट लावलं. एक रोप त्यांच्यासाठी बाजूला काढलेलं होतं.

"किती नाजूक काम हो," त्या म्हणाल्या. "कोणी केलं हे?"

शिंप्याने ताईकडे पाहिलं. वहिनींनी रोपवाटिकेच्या बाईंकडे पाहिलं. बाईंनी शिंप्याकडे पाहिलं. तेवढ्यात मागून घसा खाकरल्याचा आवाज आला.

"छत्री मी धरली होती," गेजराव म्हणाले. आणि क्षणभर थांबून, कोणी विचारलं नसताना : "सरळ."